सुब्बाराव : संदर्भयादीतले दुसरे नाव

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागांत हत्तीरोगाची मोहीम सुरू झाली की आशाताई आणि आरोग्यसेवक घरोघरी फिरतात. जेवण झाले आहे ना, अशी विचारपूस करून ते समोरच गोळ्या गिळायला लावतात. त्यातल्या एका गोळीचे नाव डीईसी. पुण्या-मुंबईच्या एखाद्या दवाखान्यात आमवाताचा रुग्ण आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी लिहून घेत असतो. एखाद्या उपकेंद्रात गरोदर बाईला लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या मोजून दिल्या जात असतात. या तिन्ही गोळ्यांची मुळे एकाच ठिकाणी पोहोचतात. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या पर्ल रिव्हर या छोट्या गावातली लेडर्ले प्रयोगशाळा. १९४० च्या दशकात तिथल्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातल्या भीमावरमच्या एका माणसाकडे होते. त्याचे नाव यल्लाप्रगडा सुब्बाराव.

एखादा शास्त्रज्ञ किती मोठा, हे ठरवण्यासाठी आज सहसा दोन प्रश्न विचारले जातात. त्याचे शोधनिबंध किती, आणि इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचा संदर्भ किती वेळा दिला? नेमणुका, बढत्या आणि संशोधनाची अनुदाने या आकड्यांवर हलतात. सुब्बाराव यांचे आयुष्य या मोजपट्टीवर ठेवले तर विचित्र चित्र दिसते. त्यांचा १९२५ चा एक निबंध विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक उल्लेख झालेल्या निबंधांपैकी एक आहे. पण तो कोणत्याही औषधाबद्दल नाही. ज्या औषधांनी लाखो लोकांचे आयुष्य बदलले, त्यांच्या गाजलेल्या निबंधांत मात्र त्यांचे नाव कुठे गर्दीत आहे, तर कुठे नाहीच.

दोन भावांचे मरण

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ चा. वडील महसूल खात्यात होते, पण तब्येतीमुळे त्यांना लवकर नोकरी सोडावी लागली आणि घरात ओढाताण सुरू झाली. शाळेत या मुलाचे लक्ष नव्हते. तेराव्या वर्षी तो घरातून पळाला. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचे, असा बेत होता. आईने त्याला परत आणले आणि शिक्षणाचा हट्ट सोडला नाही. मॅट्रिक व्हायला त्याला तीन प्रयत्न लागले. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकताना रामकृष्ण मिशनची ओढ लागली. संन्यास घ्यायचा विचार पक्का होत होता, पण आईने परवानगी दिली नाही. मग लोकांची सेवाच करायची तर डॉक्टर होऊन करावी, या विचाराने तो मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाला.

शिक्षणाचा खर्च भावी सासऱ्यांनी उचलला. १९१९ मध्ये शेषगिरी यांच्याशी लग्न झाले. ते दिवस स्वदेशीचे होते. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या खोलीत खादीचा डगला घालून जाऊ लागले. शस्त्रक्रियेचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफिल्ड यांना ते रुचले नाही. लेखी परीक्षा चांगली होऊनही सुब्बाराव यांना एमबीबीएसऐवजी एलएमएस ही कमी दर्जाची पदवी मिळाली. त्यामुळे सरकारी वैद्यकीय सेवेची वाट बंद झाली. त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकवण्याची नोकरी धरली.

याच काळात घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने वारले. दोघांनाही ट्रॉपिकल स्प्रू हा आजार होता. आपल्याकडे संग्रहणी या नावाखाली जे विकार येतात त्यांच्याशी याची लक्षणे जुळतात. जुलाब थांबत नाहीत, खाल्लेले अंगी लागत नाही, रक्त कमी होत जाते आणि माणूस झिजून मरतो. सुब्बाराव यांनाही हा आजार झाला होता. डॉ. अचंता लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते वाचले. भाऊ का गेले आणि आपण का वाचलो, या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी कोणाकडे नव्हते. आजाराचे कारणच माहीत नव्हते.

उष्ण प्रदेशातल्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी हार्वर्डचा रस्ता धरला. एका धर्मादाय निधीची मदत आणि सासऱ्यांनी उभे केलेले पैसे एवढ्यावर ऑक्टोबर १९२२ मध्ये ते बोस्टनला पोहोचले. खिसा जवळजवळ रिकामा होता आणि त्यांच्या पदवीवर तिथे डॉक्टरकी करता येत नव्हती. दिवसा वर्ग आणि रात्री रुग्णालयात पडेल ते काम, असा दिनक्रम सुरू झाला. रुग्णांची मलमूत्राची भांडी धुणे हेही त्यात होते. मद्रासमध्ये मागे राहिलेल्या पत्नीला तीन वर्षांत परत येतो, असे त्यांनी सांगितले होते. ते परतणे कधीच झाले नाही. त्यांचा मुलगाही तान्हेपणीच दगावला.

निळ्या रंगाचे गणित

उष्णकटिबंधीय रोगांची पदविका घेतल्यावर सुब्बाराव हार्वर्डच्या जीवरसायनशास्त्र विभागात आले. विभागाचे प्रमुख होते ऑटो फोलिन. सुब्बाराव यांना काम मिळाले सायरस फिस्के यांच्या हाताखाली. प्रश्न साधा वाटावा असा होता : रक्तात आणि लघवीत फॉस्फरस नेमका किती आहे, हे कसे मोजायचे?

तेव्हाच्या पद्धती वेळखाऊ आणि बेभरवशाच्या होत्या. तत्त्व ठाऊक होते. आम्लात फॉस्फेट आणि अमोनियम मॉलिब्डेट एकत्र केले की त्यांचे संयुग तयार होते. त्यावर योग्य रसायनाची क्रिया केली की निळा रंग येतो. फॉस्फेट जितके जास्त, तितका निळा रंग गडद. अडचण त्या रसायनाची होती. रंग हळूहळू येई, पुरेसा टिकत नसे आणि नमुन्यातल्या इतर पदार्थांमुळे बिघडे. फिस्के आणि सुब्बाराव यांनी अमिनोनॅफ्थॉलसल्फॉनिक अॅसिड हे रसायन वापरले. रंग काही मिनिटांत आणि भरवशाने येऊ लागला. माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणाशी तो ताडून पाहिला की उत्तर हातात. ही पद्धत १९२५ मध्ये 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री'त छापून आली.

तिचे महत्त्व समजायला फॉस्फरस शरीरात कुठे कुठे आहे ते पाहायला हवे. हाडांत तो आहे, पेशींच्या आवरणात आहे, आनुवंशिकतेच्या रेणूंत आहे आणि ऊर्जेच्या सगळ्या व्यवहारात आहे. मूत्रपिंडाचा आजार, मुडदूस, हाडांचे विकार यांत रक्तातला फॉस्फरस पाहावा लागतो. अनेक विकरे, म्हणजे एन्झाइम्स, फॉस्फेट सुटे करतात. सुटलेले फॉस्फेट मोजले की विकराचे काम मोजता येते. त्यामुळे वैद्यक, जीवरसायन, वनस्पतिशास्त्र, शेती अशा कितीतरी शाखांच्या प्रयोगशाळांत ही पद्धत गेली. जो ती वापरी, तो निबंधाच्या शेवटी १९२५ चा संदर्भ देई. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. जी. आर. बार्टलेट यांनी १९५९ मध्ये छापलेली सुधारित पद्धतही अतिशय गाजली. आजही पॅथॉलॉजी लॅबमधल्या स्वयंचलित यंत्रांत फॉस्फरस मोजताना मॉलिब्डेटचाच आधार घेतला जातो.

पण या पद्धतीचा पहिला मोठा लाभ तिच्या जनकांनाच झाला. स्नायूंचा अर्क तपासताना निळा रंग नेहमीसारखा चटकन आला नाही. तो रेंगाळत, हळूहळू गडद होत गेला. दुसऱ्या कोणी ही पद्धतीतली खोट समजून सोडून दिली असती. या दोघांना संशय आला की अर्कात फॉस्फरसचे एखादे नाजूक संयुग आहे आणि ते आम्लात हळूहळू फुटून फॉस्फेट सोडते आहे. शोध घेतल्यावर सापडले फॉस्फोक्रिएटिन. १९२७ मध्ये ते 'सायन्स' या साप्ताहिकात जाहीर झाले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये फिलिप आणि ग्रेस एगल्टन हेही याच पदार्थापर्यंत पोहोचत होते.

या शोधाने एक प्रस्थापित समज हलवला. स्नायू आकुंचन पावतो तो लॅक्टिक अॅसिड तयार होण्यामुळे, असे तेव्हा मानले जाई. ए. व्ही. हिल आणि ऑटो मायरहॉफ यांना स्नायूंच्या कामासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. आता ऊर्जेचा ताबडतोब वापरता येणारा साठा फॉस्फरसच्या संयुगांत आहे, हे दिसू लागले. १९२९ मध्ये फिस्के आणि सुब्बाराव यांनी स्नायूंतून एटीपी वेगळे केले. पेशी ज्या चलनात ऊर्जेचा व्यवहार करते ते हे चलन. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे एटीपी शोधले आणि त्यांचा निबंध थोडा आधी छापला गेला. अग्रक्रम कोणाचा, हा वाद त्यामुळे राहिला. आज व्यायामशाळेत क्रिएटिनची पावडर घेणारा तरुण किंवा दहावीच्या पुस्तकात एटीपी वाचणारी मुलगी या कामाचाच धागा धरून असते.

नाव कोणाचे आधी?

सुब्बाराव यांना १९३० मध्ये पीएच.डी. मिळाली. पुढची दहा वर्षे ते हार्वर्डमध्येच होते, पण खालच्या पदावर. यकृताच्या अर्कातले रक्तवाढीचे घटक वेगळे करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. अध्यापन, संशोधन आणि मदतनिसांना शिकवणे चालू राहिले. विद्यापीठाने त्यांना कायमचे प्राध्यापकपद मात्र दिले नाही.

यात फिस्के यांचा वाटा किती, यावर पुढे बरीच चर्चा झाली. फिस्के शिक्षक होते, प्रश्न त्यांनी समोर ठेवला होता आणि प्रयोगशाळाही त्यांची होती. निबंधात त्यांचे नाव आधी येणे रीतीला धरूनच होते. परंतु त्याच प्रयोगशाळेत शिकलेले आणि १९८८ मध्ये वैद्यकाचे नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी नंतर एक गंभीर गोष्ट सांगितली. सुब्बाराव यांनी वेगळी केलेली काही संयुगे फिस्के यांच्या मत्सरापायी प्रकाशातच आली नाहीत आणि पुढे इतरांना ती नव्याने शोधावी लागली, असे त्यांचे म्हणणे होते. जे छापलेच नाही त्याची मोजदाद कुठल्याच आकड्यात होत नाही. प्रकाशनांची यादी पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

जे छापले गेले त्याची मोजदाद तरी नीट झाली का? युजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू केला. कोणत्या निबंधाचा उल्लेख कोणी कोणी केला, हे पहिल्यांदाच पद्धतशीर शोधता येऊ लागले. गारफिल्ड यांनी सर्वाधिक उल्लेखांच्या याद्या केल्या तेव्हा १९२५ चा हा निबंध त्यांत होता. उल्लेख हजारोंच्या घरात होते. पण छापील सूचीत जुन्या निबंधाची नोंद फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली होई. म्हणजे हे सारे उल्लेख फिस्के या नावापुढे जमा. सुब्बाराव हे नाव शोधणाऱ्याला त्यांचा सर्वांत गाजलेला निबंध सापडतच नसे. शिवाय इंग्रजीत त्यांचे नाव कधी जोडून, कधी तोडून, कधी 'राव' तर कधी 'रो' असे लिहिले गेले. तेलुगू रीतीने घराण्याचे नाव आधी येते, हेही तिकडच्या सूचीकारांच्या पचनी पडणारे नव्हते.

दुसरी एक बाब अशा पद्धतींच्या निबंधांना नेहमीच लागू पडते. पद्धत वापरणारे सगळे तिचा संदर्भ देतात, म्हणून तिचे उल्लेख फुगतात. नवा विचार मांडणाऱ्या निबंधाला ते भाग्य लाभत नाही. एटीपीचा शोध पाठ्यपुस्तकात गेला की कोणी मूळ निबंधाचा संदर्भ देत नाही. तो सर्वांना ठाऊक असलेला भाग बनतो. एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन हे मोठे शोध असूनही गाजली ती मोजण्याची पद्धत, त्याचे कारण हे.

पर्ल रिव्हरची आठ वर्षे

१९४० मध्ये सुब्बाराव यांनी विद्यापीठ सोडले आणि अमेरिकन सायनामिड कंपनीच्या लेडर्ले प्रयोगशाळेत ते दाखल झाले. लवकरच संशोधनाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. इथे ते स्वतः परीक्षानळ्या हाताळण्यापेक्षा माणसे निवडणे, प्रश्न वाटून देणे आणि वेगवेगळ्या गटांचे काम एका दिशेला नेणे हे जास्त करू लागले.

पहिले मोठे लक्ष्य होते यकृतातला आणि यीस्टमधला रक्तवाढीचा घटक. या घटकाच्या कथेचा एक अध्याय मुंबईत घडला आहे. १९२८ च्या सुमारास लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या होत्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये आढळणारा जीवघेणा रक्तक्षय त्यांनी अभ्यासला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. अर्कात नेमके काय आहे, हे मात्र कळले नव्हते. तो घटक म्हणजे फॉलिक अॅसिड.

लेडर्लेतल्या रसायनतज्ज्ञांनी आणि सूक्ष्मजीवतज्ज्ञांनी त्याची रचना उलगडली आणि १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवले. 'सायन्स'मध्ये १९४६ साली रचनेचा सविस्तर निबंध आला. त्यावर पंधरा-सोळा जणांची नावे होती. त्या रांगेच्या मध्ये कुठेतरी सुब्बाराव होते. साऱ्या कामाचे सूत्रधार ते होते, हे त्या रांगेवरून कोणालाही कळले नसते.

कृत्रिम फॉलिक अॅसिड हाती येताच डॉक्टरांनी ते रुग्णांवर वापरून पाहिले. ट्रॉपिकल स्प्रूच्या रुग्णांचे रक्त वाढू लागले, भूक परतली, वजन चढू लागले. भीमावरमच्या दोन भावांना ज्या आजाराने नेले होते, त्यावर त्यांच्या भावाच्या प्रयोगशाळेतून औषध आले. मधे पाव शतक गेले होते.

याच धाग्याने पुढचा शोध लागला. बोस्टनच्या बालरुग्णालयातले सिडनी फार्बर रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर उपाय शोधत होते. लेडर्लेकडून मिळालेली फॉलिक अॅसिडची संयुगे त्यांनी काही मुलांना दिली. आजार कमी होण्याऐवजी बळावल्यासारखा दिसला. ही बाब भयंकर होती, पण तिच्यातून एक तर्क निघाला. फॉलिक अॅसिडने कर्करोगाच्या पेशी वाढत असतील, तर त्याचे काम अडवणाऱ्या पदार्थाने त्या उपाशी मरायला हव्यात.

सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी असे पदार्थ बनवायला सुरुवात केली होती. त्यांतला एक म्हणजे अमिनोप्टेरिन. रेणूची ठेवण हुबेहूब फॉलिक अॅसिडसारखी, फक्त एका जागी छोटा बदल. पेशी फसते, त्याला धरते आणि डीएनए बनवण्याचे काम थांबते. १९४७ च्या अखेरीस फार्बर यांनी ते वापरले. जून १९४८ मध्ये त्यांचा निबंध आला. १६ मुलांपैकी १० जणांत सुधारणा दिसली होती. ती तात्पुरती होती. कर्करोग परत येत होता. पण त्याआधी अशा मुलांसाठी डॉक्टरांच्या हातात काहीच नव्हते. रक्ताच्या कर्करोगावरच्या आधुनिक औषधोपचाराची सुरुवात याच निबंधापासून धरली जाते. त्याचे उल्लेख फार्बर यांच्या नावावर आहेत आणि ते योग्यही आहे, कारण रुग्णांची जबाबदारी त्यांनी घेतली होती. औषध कोठून आले, हे मात्र वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

अमिनोप्टेरिनचाच जवळचा भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. गर्भपिशवीतल्या वारेच्या पेशींपासून होणारा कर्करोग १९५६ मध्ये अमेरिकेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी याच औषधाने पूर्ण बरा करून दाखवला. पुढे सोरायसिस आणि आमवात यांसाठी ते अगदी कमी मात्रेत वापरले जाऊ लागले. आमवातासाठी अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. इथे एक सूचना फार महत्त्वाची. आमवात आणि सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतते. तिचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून डॉक्टर सोबत फॉलिक अॅसिड देतात. गरोदरपणात फॉलिक अॅसिड आवश्यक असते, तर मेथोट्रेक्सेट पूर्ण वर्ज्य. एकाच प्रयोगशाळेतून आलेली ही दोन औषधे एकमेकांच्या अशी विरुद्ध आहेत.

दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या बेटांवर लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांना हत्तीरोगाची लागण होऊ लागली. तेव्हा लेडर्लेत त्यावरचे औषध शोधणे सुरू झाले. शेकडो संयुगे तपासल्यावर डायइथाइलकार्बामाझिन, म्हणजेच डीईसी, सापडले. हेट्राझान हे त्याचे बाजारातले नाव. १९४७ मध्ये ते जाहीर झाले आणि प्वेर्तो रिकोतल्या रुग्णांना प्रथम दिले गेले. ते रक्तातल्या सूक्ष्म कृमींना मारते, त्यामुळे डासांमार्फत होणारा प्रसार थांबतो. सुजलेला पाय त्याने पूर्ववत होत नाही, म्हणून लक्षणे नसलेल्यांनीही ते घ्यायचे असते. वर्षातून एकदा सगळ्या गावाला गोळी देण्याची मोहीम या तत्त्वावर उभी आहे. गोळीनंतर थोडा ताप किंवा डोकेदुखी झाली तर बहुधा कृमी मरत असल्याची ती खूण असते. दोन वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे यांना ती देत नाहीत.

याच काळात लेडर्लेत बेंजामिन डग्गर हे सत्तरी ओलांडलेले निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ ठिकठिकाणच्या मातीचे नमुने तपासत होते. मिसुरीतल्या एका शेताच्या मातीतून त्यांना सोनेरी रंगाचा सूक्ष्मजीव मिळाला आणि त्यापासून ऑरिओमायसिन. टेट्रासायक्लिन कुळातले हे पहिले प्रतिजैविक १९४८ च्या उन्हाळ्यात जगापुढे आले. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्या मुंबईकराला लेप्टोची भीती असेल तर डॉक्टर जी डॉक्सिसायक्लिन देतात, ती याच कुळातली. इथेही शोधाचे श्रेय डग्गर यांचे. सुब्बाराव त्या संशोधनाचे संचालक होते, एवढीच नोंद.

त्या घोषणेनंतर काही आठवड्यांतच, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने गेले. वय ५३. कायदा बदलल्यावर अमेरिकेचे नागरिकत्व घेण्याची संधी होती, पण ते त्यांनी घेतले नाही. भारत स्वतंत्र होऊन वर्ष झाले होते. ते स्वतंत्र भारत पाहायला आले नाहीत आणि शेषगिरींची आणि त्यांची भेट पुन्हा झाली नाही.

आकडे काय सांगतात

आज संशोधकाचे मोल करताना एच-इंडेक्स नावाचा आकडा पाहतात. जॉर्ज हर्श यांनी तो २००५ मध्ये सुचवला. एखाद्याचे २० निबंध असे आहेत की प्रत्येकाचा किमान २० वेळा उल्लेख झाला, तर त्याचा आकडा २०. एखाद्याच निबंधाचे प्रचंड उल्लेख असले तरी या आकड्यात त्याने एकचाच फरक पडतो. म्हणजे १९२५ चा तो प्रसिद्ध निबंधही या गणितात एक निबंध एवढाच. आणि फार्बर यांच्या निबंधातली १० मुले, हत्तीरोगापासून वाचलेली गावे किंवा स्प्रूतून उठलेले रुग्ण यांना तर त्यात जागाच नाही.

याचा अर्थ उल्लेखांची मोजदाद निरुपयोगी, असा नाही. ती नसती तर एका साध्या रंगपरीक्षेवर जगभरच्या प्रयोगशाळांचे किती काम उभे आहे, हे कळले नसते. निबंध छापणे, पद्धत इतरांना पडताळता येईल अशी मांडणे आणि संदर्भ प्रामाणिकपणे देणे यावरच विज्ञान चालते. अडचण तेव्हा होते, जेव्हा हाच एक आकडा माणसाची सगळी किंमत ठरवू लागतो. औषधनिर्मितीत तर हे अधिकच खरे. एका औषधामागे रसायनतज्ज्ञ, प्राण्यांवर चाचण्या करणारे, रुग्णालयातले डॉक्टर आणि ही सारी मोट बांधणारा कोणी असतो. निबंधावर पहिले नाव यांपैकी एकाचेच येते.

सुब्बाराव यांच्या मृत्यूनंतर हळूहळू काही नोंदी दुरुस्त झाल्या. १९५३ मध्ये एका बुरशीला त्यांच्यावरून 'सुब्बारोमायसेस' हे नाव देण्यात आले. १९९५ मध्ये जन्मशताब्दीला भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले. २००२ मध्ये 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री'ने आपल्या अभिजात निबंधांचे स्मरण करताना फॉस्फरस, फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपीच्या कामाबद्दल फिस्के यांच्या जोडीने सुब्बाराव यांचेही नाव शीर्षकात घेतले. कर्करोगाचा इतिहास लिहिणारे आता त्यांचा उल्लेख टाळत नाहीत.

गोळ्यांच्या पाकिटावर मात्र शोधकाचे नाव नसते. डीईसीची गोळी घेणाऱ्या गावकऱ्याला किंवा फॉलिक अॅसिड घेणाऱ्या गरोदर बाईला ते कळण्याचे कारणही नाही. गोळी वेळेवर पोहोचावी आणि ती सांगितल्याप्रमाणे घेतली जावी, एवढेच त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे. भीमावरमचा तो तरुण सातासमुद्रापार गेला होता, तोही नेमका याचसाठी.